कमानीबाहेरचं सुतक

तोकामी डोंगर, २ ऑक्टोबर १९८७

दादा,

आधी माझी तक्रार नोंदवून घे, कारण इथे ती घ्यायला कुणी तयार नाही. आज सकाळी या देवस्थानच्या एका कावळ्याने माझा साबण पळवला. नवा होता, चंदनाचा होता, नागोयाच्या मोठ्या दुकानात रांगेत उभं राहून घेतलेला होता. तोंडाला फेस लावून मी डोळे मिटले आणि उघडून बघते तो साबण समोरच्या देवदाराच्या शेंड्यावर. बाबांकडे दाद मागितली. ते म्हणाले, "कावळा देवाचा दूत आहे. त्याला लागला असेल."

"देवाच्या दूताला चंदनाचा साबण कशाला लागतो?"

"तुला कशाला लागतो?"

दर आठवड्याला पेपरात एखाद्या मंत्र्याची सालं काढून मी पोट भरते. पण बापापुढे आणि कावळ्यापुढे माझी लेखणी चालत नाही, हे आज सिद्ध झालं.

नऊ वर्षांनी पत्र लिहितेय आणि ते साबणावर, म्हणून हसू नकोस. किंवा हस. हसत असशील तर बरंच आहे.

मी डोंगरावर काय करतेय असं तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. वाकेबेकाकांनी फोन करून बोलावलं. तेच, सोया सॉसच्या कारखान्याचे, आता देवस्थानच्या पंचांचे प्रमुख झालेत आणि त्यामुळे आणखी रुंद झालेत. म्हणाले, "मिसाओताई, तुमचे वडील कमानीच्या आत पाऊल टाकत नाहीत. सप्टेंबरच्या मध्यापासून देवाला नैवेद्य नाही. उत्सव तोंडावर आलाय. येऊन बघा, आम्हाला ते काही सांगत नाहीत."

आले, बघितलं. बाबा ठणठणीत आहेत. एक्क्याऐंशीव्या वर्षीही भाताचे दोन वाडगे संपवतात आणि मला जाडी म्हणतात. पहाटे उठून खराट्याने पायऱ्या झाडतात, पण फक्त लाल कमानीपर्यंत. कमान आली की खराटा टेकवतात, बाहेरूनच आत वाकतात आणि मागे फिरतात. आतल्या अंगणात देवदाराची पानं घोट्यापर्यंत साचलीत. ज्या माणसाने आपल्याला एका पानासाठी फटके दिले तो हे बघत बसतो.

खाली दरीत सकाळी ढगांचा समुद्र असतो, तो तसाच आहे. हौशी लोक कॅमेरे घेऊन चढतात, "अहाहा" म्हणतात आणि बाबांना विचारतात, देऊळ बंद आहे का. बाबा म्हणतात, "देव आहे. मी बंद आहे."

आणि एक गोष्ट. घरातला देव्हारा पांढऱ्या कागदाने झाकलाय, सुतकात झाकतात तसा.

मी विचारलं. बाबा खराटा घेऊन बाहेर गेले. सध्या मी त्याबद्दल काही समजून घेत नाहीये, तूही घेऊ नकोस. फक्त एक कार्ड टाक. मजकुराची गरज नाही. कोंबडीच्या पायांचं ते तुझं अक्षर पत्त्यावर दिसलं की पुरे.

मिसाओ


तोकामी डोंगर, ६ ऑक्टोबर

दादा,

तुझ्या हाकोदातेहून इथे टपाल यायला तीन दिवस लागतात, असं पोस्टमन म्हणतो. पावसात चार. मी त्याला रोज अर्ध्या वाटेवर गाठते, त्यामुळे तो आता मला बघून वाट बदलायला लागलाय.

काल वाकेबेकाका दोन पंचांना घेऊन वर चढले. धापा टाकत ओसरीवर बसले, मी चहा दिला, आणि लगेच सुरू झाले.

"पुजारीबुवा, आता स्पष्टच बोलू. वीस तारखेला उत्सव. गाभाऱ्याचं दार तुमच्याशिवाय कोण उघडणार?"

"खालच्या गावच्या पुजाऱ्याला बोलवा."

"तो काल मिसरूड फुटलेला पोरगा! त्याचा आवाज देवाला ऐकू तरी जाईल का?"

"देव बहिरा नाही. मी सुतकात आहे."

वाकेबेकाकांनी कप खाली ठेवला. "कोणाचं सुतक?"

"घरातल्या माणसाचं."

"घरात आहे कोण? तुमच्या पत्नीला जाऊन नऊ वर्षं झाली. मिसाओताई तर ही समोर बसलीय, देवाच्या दयेने चांगली धष्टपुष्ट." (मी हे लक्षात ठेवलंय.) "गावात लोक काय म्हणतात ठाऊक आहे? म्हातारा चळला म्हणतात."

"म्हणू देत."

"किती दिवस धरणार?"

"पन्नास."

वाकेबेकाकांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर चपलांकडे वळवली. पुजाऱ्याच्या घरात वाढलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. चुलत्याचं कमी, मामाचं त्याहून कमी. पूर्ण पन्नास दिवस फक्त आईबापाचे, नवराबायकोचे आणि पोटच्या मुलाचे. बाबांचे आईबाप आपल्या जन्माआधी गेले. आई गेली तेव्हा त्यांनी पन्नास धरले होते, तेही फेडून झाले.

मग उरलं कोण, हा हिशेब वाकेबेकाकांनी ओसरीवरच केला. मी तो स्वयंपाकघरात जाऊन केला. वांगी चिरत होते. ती जरुरीपेक्षा खूप बारीक झाली.

रात्री बाबांना पुन्हा विचारलं. "बाबा, दादाचं काही कळलं का तुम्हाला?"

"झोप."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"सुतकात जास्त बोलू नये."

आयुष्यभर न बोलायला त्यांना कारण लागलं नाही, आता तर शास्त्राधार मिळालाय.

वाकेबेकाकांचा जुना पेपर इथे पडलाय. त्यात सप्टेंबरच्या वादळाची बातमी आहे. उत्तरेला, तुझ्या बाजूला, माकूळ धरणारी एक बोट उलटली, दोन बेपत्ता, नावं दिलेली नाहीत. तू इंजिनातला माणूस. इंजिनातली माणसं बोटीच्या पोटात असतात, म्हणजे सगळ्यात शेवटी बाहेर येतात. हे मला ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

हे बघ, त्या भांडणात तुझं बरोबर होतं की बाबांचं, यावर मी एकवीस वर्षं मत दिलेलं नाही. बाबा म्हणाले होते, "शवपेट्या विकणाऱ्याची पोरगी सून करून आणलीस तर त्या घरच्या रोजच्या मढ्यांनी आपला देव्हारा उघडायचा कधी?" तू म्हणालास, "मग झाकूनच ठेवा." आणि पुजाऱ्याची टोपी ओसरीवर ठेवून उतरलास. मला तेव्हा दोघंही नाटकी वाटलात. आता देव्हारा खरोखर झाकलेला आहे आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

कार्ड टाक रे.

मिसाओ


तोकामी डोंगर, १० ऑक्टोबर
तातडीचं टपाल

दादा,

आईने लिहून ठेवलेल्या तुझ्या फोन नंबरावर आता एक दंतवैद्य बोलतो. भला माणूस आहे. मी रडतेय असं वाटून त्याने मला दाढ कधीपासून दुखते ते विचारलं.

मग मच्छीमार संस्थेच्या कचेरीत लावला. तिथला माणूस म्हणाला, "कियोताकासान? ते सप्टेंबरच्या मध्यापासून कामावर नाहीत." का, विचारलं. "तुम्ही कोण?" बहीण, म्हटलं. तो म्हणाला, "मग तुम्हाला ठाऊक असायला हवं." फोन ठेवला.

मला हे वाक्य चघळायला देऊन तो माणूस घरी जाऊन जेवला असेल.

मी तिकडे निघाले असते. पण बाबा काल पायऱ्यांवर बसले ते अर्धा तास उठले नाहीत, आणि मी हात धरला तर म्हणाले, "पायात गोळा आला." त्यांच्या पायात नव्हता तो गोळा. त्यांना सोडून दोन दिवसांच्या वाटेवर जाऊ कशी? आणि गेले, आणि तिथे दारावर तसाच पांढरा कागद असला तर?

फुमिनोबाई, हे पत्र तुम्ही उघडलं असेल, तर आता मी तुमच्याशी बोलते. आपण कधी भेटलो नाही. तुमच्या आणि दादाच्या लग्नाला मी आले नाही, आईच्या वेळी तुम्ही आला नाहीत, म्हणजे आमच्याकडून कुणी बोलावलं नाही. हे सगळं बाजूला ठेवा. माझ्या भावाचं काय झालं ते मला कळवा. तुम्ही त्या वेळी घरात असाल, तुम्हीच सगळं केलं असेल, तुम्हाला कुणी मदतीला होतं की नव्हतं देव जाणे. वाईट असलं तरी लिहा. सरळ लिहा. तुमच्या माहेरच्यांना असं कळवायची सवय असते, मला ऐकायची नाही, तरी मी ऐकेन.

कुसाकाबे मिसाओ


तोकामी डोंगर, १३ ऑक्टोबर

दादा,

मागचं पत्र फाडून टाक. तुझ्या हाती आधी ते लागलं असेल, तर मी काय करू? शेवटचा भाग तू वाचला नाहीस असं मला सांग. खोटं सांगितलंस तरी चालेल.

झालं ते सांगते.

आज सकाळी बाबा नेहमीसारखे झाडत कमानीपर्यंत गेले. मी मागोमाग. दरीभर ढग, त्यातून समोरच्या डोंगरांची फक्त टोकं वर आलेली. कुणी नवराबायको तिथे उभं राहून फोटो कुठल्या बाजूने काढला तर चांगला येईल यावर भांडत होती. ती एकदाची खाली गेली.

मला रात्रभर झोप नव्हती. पहाटे एक गोष्ट सुचली होती. बाबा माझ्याशी खोटं बोलतील, गप्प बसतील, झोपेचं सोंग घेतील. पण सुतकातल्या माणसाला देवाच्या कमानीतून आत जाऊ देणं, हे त्यांच्या हातून व्हायचं नाही. तुला काही झालं असेल, तर मलाही सुतक आहे. मग मला अडवणं त्यांना भाग आहे.

मी म्हटलं, "बाबा, आत पानं फार साचलीत. मी झाडून येते."

त्यांनी मान वर केली नाही. मी त्यांच्या हातातला खराटा घेतला. त्यांनी घेऊ दिला. मी चालायला लागले. कमान तिथून ओसरीएवढ्या अंतरावर आहे, तुला ठाऊकच आहे, लहानपणी आपण तिथून उडी मारायचो. दादा, मी इतकी हळू कधी चालले नसेन. मनात एकच, गप्प राहा म्हाताऱ्या, गप्प राहा, जाऊ दे मला आत. खांबाशी पोचले. पाय उचलला.

"थांब!"

पाय तसाच मागे घेतला. खराटा हातातून पडला.

"तुलाही आहे," बाबा म्हणाले.

माझा आवाज निघाला तो आपण शाळेत असताना निघायचा तसा. "दादा?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू वीस वर्षांत पहिल्यांदाच मी काहीतरी मूर्खासारखं बोलले. "कियोताकाला काय धाड भरलीय?"

आणि मी हसले. तुला सांगायची लाज वाटते, पण सांगते, कारण न सांगता हे पत्र लिहिता येणार नाही. कमानीखाली बसून मी मोठमोठ्याने हसले. तू आहेस, एवढंच डोक्यात. पावसाने धुतलेलं सगळं आकाश, डोंगर, ढग, सगळं मला त्या क्षणी फार सुंदर दिसलं.

बाबा माझं हसू संपायची वाट बघत उभे राहिले. मग म्हणाले, "फुमिनो गेली."

तिच्या बहिणीने फोन केला होता. फुमिनोने सांगून ठेवलं होतं म्हणे, माझं काही झालं तर डोंगरावरच्या म्हाताऱ्याला कळवा, तो वाट बघत बसेल.

"कसली वाट?" मी विचारलं.

तेव्हा हे बाहेर आलं. तुला हे ठाऊक होतं का, मला कळत नाही. नसलं तर आता ऐक. आई गेल्यापासून दर शरदात फुमिनो एकदा इथे यायची. उत्सवाच्या आधी, गर्दी नसताना. कमानीखालच्या चहाच्या टपरीत बसायची. बाबा खाली जाऊन तिच्यासमोर बसायचे.

"काय बोलायचात?"

"कियोताकाचं. त्याचे दात. त्याचं पिणं. बोटीचं इंजिन." मग जरा वेळाने, "कमी केलंय म्हणाली होती गेल्या वर्षी. पिणं."

"आणि ती वर नाही यायची? देवाला?"

"नाही. आमच्या घरात रोज ते काम असतं, माझ्यामुळे तुम्हाला अडचण नको, म्हणायची." बाबांनी खराटा उचलला. "मी कधी ये म्हटलं नाही. दर वर्षी वाटायचं, पुढच्या खेपेला म्हणू."

दादा, मी घरातली शहाणी. मला नियम ठाऊक. मी म्हटलं, "बाबा, सुनेचं सुतक पन्नास दिवसांचं नसतं. खूप कमी असतं."

"मला शिकवतेस?"

"तसं नाही. पण पन्नास तर पोटच्या..."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले आणि पुन्हा झाडायला लागले. कमानीपर्यंत. जी पायरी आधीच झाडून झाली होती, तीच.

वाकेबेकाकांना काय सांगू, विचारलं. म्हणाले, "सांग, माझी लेक गेली."

तेच सांगितलं, फोनवर. वाकेबेकाका म्हणाले, "लेक म्हणजे, ती हाकोदातेची?" हो, म्हटलं. "मग आधी सांगायचं की! मी त्यांना चळला म्हणालो, तेही तोंडावर!" आणि तेवढ्या मोठ्या माणसाने फोनवर नाक शिंकरलं.

दादा, तू एकटा आहेस का तिथे? जेवतोस ना?

मिसाओ


तोकामी डोंगराच्या पायथ्याचं स्टेशन, २१ ऑक्टोबर

दादा,

तुझं कार्ड काल आलं. पोस्टमन स्वतः पळत वर आला, आणि कार्ड वाचलेलं नाही असं त्याने न विचारताच सांगितलं.

"मी आहे. फुमिनो नाही."

बाबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग बाहीत ठेवलं. ते अजून तिथेच आहे, फक्त आंघोळीला जाताना त्यांनी ते काढून उशीखाली ठेवलं. तू माझ्या त्या तिसऱ्या पत्राबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. ऋणी आहे. पण थट्टा केली असतीस तरी मी तक्रार केली नसती, हेही सांगून ठेवते, कारण अशी संधी तुला परत मिळणार नाही.

उत्सव पार पडला. खालच्या गावच्या त्या पोरग्या पुजाऱ्याने गाभाऱ्याचं दार उघडलं. आवाज चांगला आहे, वाकेबेकाकांनीही कबूल केलं. पालखी कमानीतून बाहेर निघाली तेव्हा बाबा आणि मी खालच्या वळणावर, गर्दीच्या मागे उभे होतो. सुतकातली माणसं म्हणून लोकांनी आमच्याभोवती थोडी जागा सोडली होती. बाबांना त्या मोकळ्या जागेचा अभिमान वाटत होता की काय, मला नक्की सांगता यायचं नाही. ताठ उभे होते खरे. कुणी विचारलं की सांगत होते, "लेक गेली." जे चौकशी करत नव्हते त्यांनाही सांगत होते.

आमचे पन्नास दिवस नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतात. कागद काढायच्या दिवशी तू इथे असावंस, असं बाबा म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "त्या दिवशी भात जरा जास्त टाक." मी तेव्हा परत येणार आहे. तू तुझ्या बाजूचं बघ. तिचं थोडं काही आणता आलं तर आण, राख म्हणत नाही, राख तिच्या माहेरच्यांची. तिचा एखादा रुमाल वगैरे. बाबांना तो कमानीच्या आत न्यायचाय. हे मात्र ते स्वतः म्हणाले.

आज मी खाली उतरले, रात्रीच्या गाडीने नागोया. हे पत्र स्टेशनवर बसून लिहितेय, बाकडं ओलं आहे म्हणून अक्षराला नावं ठेवू नकोस.

उतरताना पाऊस लागला, म्हणून त्या चहाच्या टपरीत थांबले. टपरी त्सुनेआजींची. त्यांनी मला ओळखलं, चहा दिला, भाजलेला तांदळाचा गोळा दिला, आणि फुमिनोचं बोलायला लागल्या. मी विचारलंही नव्हतं.

"मला किती वर्षं ठाऊकच नव्हतं हो, की ती पुजारीबुवांची सून. मला वाटायचं, पेन्शनच्या कामाची कुणी बाई असेल. दोघं समोरासमोर बसायचे आणि खाली बघायचे. पेन्शनवर माणसं अशीच बसतात."

"किती वेळ बसायचे?"

"चहा गार व्हायचा, मी दुसरा द्यायचे, तोही गार व्हायचा. गेल्या वर्षी निघताना असाच पाऊस. मी तिला म्हटलं, घेऊन जा माझी छत्री, पुढच्या वर्षी आण. नको नको म्हणाली, पण नेली. वळणावर मागे वळून दाखवली, ही बघा, नेतेय, अशी." त्सुनेआजी हसल्या, मग तोंड पुसलं. "जाऊ दे, छत्रीचं काय एवढं. बसा तुम्ही, गरम पाणी आणते."

त्या आत गेल्या.

दारात एक पिंप आहे, गिऱ्हाइकांच्या छत्र्यांचं. मी कडेला वाळत ठेवलेली माझी छत्री मिटली, पाणी झटकलं, त्यात उभी करून ठेवली. चांगली आहे, एकच काडी वाकडी. वहिनीची देणी द्यायला घरातलं दुसरं कुणी तिथे नव्हतं.

त्सुनेआजी बाहेर यायच्या आत मी पावसात उतरायला लागले.

मिसाओ